नेपच्यूनपलीकडची मोजदाद : बटुग्रहांचा प्रश्न कुठवर आला?

सूर्यमालेत ग्रह किती, असे शाळकरी मुलाला विचारले तर ‘आठ’ हे उत्तर चटकन मिळते. बटुग्रह किती, हा प्रश्न मात्र थेट खगोलशास्त्रज्ञांना विचारला तरी उत्तर एक येत नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने आजवर पाच नावांवर शिक्कामोर्तब केले आहे: सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस. यातला सेरेस मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहपट्ट्यात आहे, उरलेले चार नेपच्यूनच्या पलीकडे. गोंगगोंग, क्वावार, सेडना आणि ओर्कस हे आणखी चार पिंड शोधनिबंधांत सर्रास बटुग्रह म्हणून वावरतात, पण संघाच्या यादीत त्यांना जागा नाही. निकष सैल धरले तर ही संख्या शंभरापुढे जाते, कडक धरले तर दहाच्या आसपास थांबते.

एवढी तफावत पडते, कारण तीन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ग्रह कशाला म्हणायचे, हा वर्गीकरणाचा प्रश्न. कोणता पिंड खरोखर गोल आहे, हा मोजमापाचा प्रश्न. आणि हे पिंड घडले कसे, त्यांच्या पोटात काय आहे, हा विज्ञानाचा प्रश्न. जाहीर चर्चा बहुतेक वेळा पहिल्याभोवतीच फिरत राहिली. गेल्या दहा वर्षांत खरी भर पडली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत. तिन्ही वेगवेगळे ठेवून पाहिले तर वाद कुठे मिटला आहे आणि कुठे नुकता सुरू झाला आहे, हे स्पष्ट दिसते.

पहिला दाखला सेरेसचा

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेत जुझेप्पे पियाझी यांना सेरेस दिसला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोठ्या मोकळ्या जागेत ग्रह असणार, अशी अपेक्षा तेव्हा होतीच. त्यामुळे सेरेसला ग्रह मानण्यात कोणाला अडचण वाटली नाही. पुढच्या सहा वर्षांत पॅलस, जूनो आणि व्हेस्टा हाती लागले आणि तेही ग्रहांच्या यादीत गेले. विल्यम हर्शेल यांनी १८०२ मध्येच या लहान पिंडांसाठी वेगळी संज्ञा सुचवली होती, पण ती रुळायला बराच काळ गेला. १८४५ नंतर असे पिंड भराभर सापडू लागले. यादी लांबली, प्रत्येकाला अनुक्रमांक देण्याची पद्धत आली आणि लघुग्रहांची वेगळी पंगत बसली.

प्लूटोच्या वादात दोन्ही पक्ष हाच दाखला देतात. एका पक्षाच्या मते शास्त्राने पूर्वीही असेच केले होते: एकाच पट्ट्यात एकासारखे अनेक पिंड सापडल्यावर त्यांना ग्रह म्हणणे सोडून दिले. ग्रहशास्त्रज्ञ फिलिप मेट्झगर आणि त्यांचे सहकारी मात्र वेगळा इतिहास मांडतात. दोनशे वर्षांचे शोधनिबंध चाळून त्यांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला की शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लघुग्रहांना ग्रहच म्हणत होते. १९५०च्या दशकात जेरार्ड कायपर यांच्या कामातून लघुग्रहांची जडणघडण वेगळी असल्याचे पुढे आले, तेव्हा भाषा बदलली. कक्षेत दाटी आहे म्हणून ती बदलली नव्हती, असा त्यांचा दावा. दुसरीकडे, पंचांगे आणि पाठ्यपुस्तके यांनी लघुग्रहांची यादी एकोणिसाव्या शतकातच वेगळी केली होती, हेही खरे आहे. कोणत्या कागदपत्रांना पुरावा मानायचे यावर या इतिहासाचा अर्थ अवलंबून राहतो.

प्लूटो : मोठी अपेक्षा, घटते वस्तुमान

युरेनस आणि नेपच्यून यांच्या गतीत काही बारीक गफलती दिसतात, त्या कोण्या अज्ञात ग्रहामुळे असाव्यात, अशी पर्सिव्हल लोवेल यांची खात्री होती. पृथ्वीच्या सातएक पट वस्तुमानाचा हा ग्रह शोधण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९१६ मध्ये ते वारले. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथल्या त्यांच्या वेधशाळेने हा शोध पुढे चालू ठेवला आणि त्यासाठी कॅन्ससच्या शेतकरी घरातल्या क्लाइड टॉमबॉ या तरुणाला कामावर घेतले.

टॉमबॉ यांचे काम चिकाटीचे होते. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही दिवसांच्या अंतराने दोन छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घ्यायची आणि त्या दोन्ही ब्लिंक कंपॅरेटर नावाच्या यंत्रात शेजारी शेजारी लावायच्या. यंत्राची भिंगे आळीपाळीने एक पट्टी, मग दुसरी पट्टी दाखवीत. तारे जागच्या जागी राहत. मधल्या दिवसांत जे काही सरकले असेल ते उडी मारल्यासारखे दिसे. एकेका पट्टीवर ताऱ्यांचे लाखो ठिपके असत. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, २३ आणि २९ जानेवारीच्या पट्ट्या ताडून पाहताना, मिथुन राशीतल्या एका फिकट ठिपक्याने तीन-साडेतीन मिलिमीटरची उडी घेतली. १३ मार्चला शोध जाहीर झाला. ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलेले नाव त्याला मिळाले.

सापडला तो ग्रह म्हणूनच, कारण शोध ग्रहाचाच चालला होता. मात्र तो लोवेल यांच्या अपेक्षेपेक्षा फारच फिका होता. वस्तुमानाचे अंदाज दशकागणिक खाली येत गेले. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या छायाचित्रांत त्याच्या कडेला एक फुगवटा दिसला. ही छायाचित्रे फ्लॅगस्टाफमध्येच, नौदल वेधशाळेच्या दुर्बिणीतून घेतलेली होती. फुगवटा ठरावीक काळाने जागा बदलत होता. तो प्लूटोचा चंद्र शॅरन निघाला. चंद्र सापडला की त्याच्या प्रदक्षिणेवरून वस्तुमान थेट काढता येते. ते पृथ्वीच्या जेमतेम पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे आपल्या चंद्राच्याही सुमारे सहाव्या हिश्श्याइतके भरले. एवढ्याशा पिंडाने युरेनसला हलवणे शक्य नव्हते. पुढे व्हॉयेजर-२ यानामुळे नेपच्यूनचे अचूक वस्तुमान कळले आणि त्या गफलतीच उरल्या नाहीत. ज्या गणितामुळे शोध सुरू झाला ते गणित चुकीचे होते. प्लूटो टॉमबॉ यांच्या काटेकोर कामामुळे सापडला.

१९९२ नंतरची गर्दी

नेपच्यूनपलीकडे बर्फाळ पिंडांचा पट्टा असावा, अशी कल्पना केनेथ एजवर्थ यांनी १९४०च्या दशकात आणि कायपर यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या रीतीने मांडली होती. हुलिओ फर्नांडेझ या उरुग्वेच्या खगोलशास्त्रज्ञाने १९८० मध्ये अल्पकालीन धूमकेतूंच्या उगमावरून या पट्ट्याची गरज दाखवून दिली. प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो ३० ऑगस्ट १९९२ रोजी. हवाईतल्या मौना कीवरून डेव्हिड ज्यूविट आणि जेन लू यांनी १९९२ क्यूबी १ हा पिंड टिपला. २०१८ मध्ये त्याला अल्बियन हे नाव देण्यात आले.

मग रीघ लागली. नेपच्यून सूर्याभोवती तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात दोन फेऱ्या पुऱ्या करणारे, म्हणजे प्लूटोच्याच तालावर फिरणारे पिंड मोठ्या संख्येने सापडले. हा ताल कुठून आला, याचे स्पष्टीकरण भारतात जन्मलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये दिले. नेपच्यून आज आहे तिथे जन्मला नसून सूर्यापासून हळूहळू दूर सरकला आणि सरकताना वाटेतल्या पिंडांना त्याने आपल्या तालात अडकवले, असे त्यांचे गणित सांगते. प्लूटोची २४८ वर्षांची, कललेली आणि लांबट कक्षा हे मोठे कोडे होते. मल्होत्रा यांच्या कामानंतर तिला आख्ख्या पट्ट्याच्या इतिहासात जागा मिळाली. याच पट्ट्यात २००० मध्ये सापडलेल्या, पण या तालात न अडकलेल्या एका मोठ्या पिंडाला वरुण या वैदिक देवतेचे नाव देण्यात आले.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मोठे पिंड एकामागून एक मिळाले. मायकेल ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांच्या पालोमार वेधशाळेतल्या शोधमोहिमेत या बहुतेकांची नोंद झाली: २००२ मध्ये क्वावार, २००३ मध्ये सेडना, २००४ मध्ये ओर्कस, २००५ मध्ये माकेमाके. हौमियाच्या श्रेयावरून ब्राउन यांचा गट आणि स्पेनमधल्या होसे लुईस ओर्टिझ यांचा गट यांच्यात वाद झाला. संघाने शोधाचे ठिकाण म्हणून स्पेनच्या सिएरा नेवाडा वेधशाळेची नोंद केली आणि नाव ब्राउन गटाने सुचवलेले स्वीकारले. निर्णायक ठरला तो एरिस. ऑक्टोबर २००३ मध्ये घेतलेल्या प्रतिमांमध्ये तो जानेवारी २००५ मध्ये सापडला आणि त्याच वर्षी २९ जुलैला जाहीर झाला. तो प्लूटोपेक्षा मोठा असल्याचे तेव्हा दिसत होते. प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा ग्रह. एरिस ग्रह नसेल तर प्लूटोचे काय? प्रश्न आता टाळण्यासारखा राहिला नाही.

प्राग, ऑगस्ट २००६

संघाची महासभा त्या वर्षी प्रागला भरली. इतिहासकार-खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंजरिच यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १६ ऑगस्टला मसुदा मांडला. ताऱ्याभोवती फिरणारा आणि स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला प्रत्येक पिंड ग्रह, अशी ती व्याख्या होती. त्यानुसार सेरेस, शॅरन आणि एरिस जमेस धरून ग्रह बारा झाले असते. पिंडांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यांनी याला जोरदार हरकत घेतली. फर्नांडेझ आणि गोन्झालो तान्क्रेदी या उरुग्वेच्या शास्त्रज्ञांचा प्रतिप्रस्ताव पुढे आला आणि मसुदा पुरता बदलला.

२४ ऑगस्टच्या शेवटच्या सत्रात खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांनी व्यासपीठावरून मुद्दे समजावून सांगितले. ‘ग्रह’ या छत्रात बटुग्रह येतात की ते छत्राबाहेर उभे राहतात, हे दाखवायला त्यांनी खरीखुरी छत्री आणली होती. प्लूटोच्या जागी कापडी कुत्रा होता. सभागृहाने बटुग्रह छत्राबाहेर ठेवले. मंजूर झालेल्या व्याख्येनुसार ग्रहाला तीन अटी पाळाव्या लागतात: त्याने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वामुळे तो जवळजवळ गोल झालेला असावा आणि कक्षेच्या आसपासचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पाळणारा, तिसरी न पाळणारा आणि कोणाचा उपग्रह नसलेला पिंड म्हणजे बटुग्रह. प्लूटोला या वर्गात घालणारा ठराव २३७ विरुद्ध १५७ मतांनी संमत झाला. १७ जण तटस्थ राहिले.

निकालानंतर काही दिवसांतच ग्रहशास्त्रज्ञ ॲलन स्टर्न आणि मार्क साइक्स यांनी विरोधाचे निवेदन काढले आणि त्यावर सुमारे तीनशे शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. हजारो सभासदांच्या संघात शेवटच्या दिवशी सव्वाचारशेच्या आसपास लोकच मतदानाला हजर होते, हा त्यांचा एक आक्षेप होता. संघाच्या नियमांप्रमाणे प्रक्रिया रीतसर होती, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मात्र आकड्यांचा हा वाद मूळ मतभेदाच्या मानाने किरकोळ आहे.

मतभेदाच्या दोन बाजू

पहिली बाजू गतिशास्त्राची. ग्रह म्हणजे आपल्या टापूवर ज्याचे राज्य चालते असा पिंड, असे हे अभ्यासक मानतात. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये एक साधे गुणोत्तर मांडले: पिंडाचे वस्तुमान भागिले त्याच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्या वस्तूंचे एकूण वस्तुमान. पृथ्वीसाठी हे उत्तर सुमारे १७ लाख येते. सेरेससाठी ०.३३ आणि प्लूटोसाठी ०.०७. आठ ग्रह एका टोकाला आणि बाकीचे दुसऱ्या टोकाला; मधे प्रचंड दरी. निसर्गात इतकी ठळक रेघ असताना ती वर्गीकरणात का उतरू नये, असा या बाजूचा सवाल आहे. या रेघेमागे सूर्यमालेच्या जन्माची कथाही आहे. आठांनी आपापल्या भागातला माल गिळला किंवा दूर फेकला; बाकीचे घडता घडता राहिले.

दुसरी बाजू भूविज्ञानाची. पर्वत, हिमनद्या, वातावरण आणि ज्वालामुखी यांचा अभ्यास करणाऱ्यांना पिंड कुठे फिरतो यापेक्षा तो आतून कसा आहे हे महत्त्वाचे वाटते. कर्बी रनियन, स्टर्न आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुचवलेल्या व्याख्येत कक्षेचा उल्लेखच नाही. ज्यात कधी अणुसंमीलन झाले नाही आणि जो स्वतःच्या गुरुत्वाने गोलसर झाला, तो ग्रह. त्यांच्या हिशेबाने सूर्यमालेतच शंभराहून अधिक ग्रह भरतात आणि त्यांत आपला चंद्र, टायटन, युरोपा हेही येतात. संघाच्या तिसऱ्या अटीवर त्यांचे आक्षेप दोन. ‘परिसर मोकळा’ म्हणजे किती मोकळा, हे व्याख्येत सांगितलेले नाही. गुरूच्या कक्षेत हजारो ट्रोजन लघुग्रह आहेतच. शिवाय तोच पिंड सूर्याजवळ असला तर ग्रह ठरेल आणि फार लांब असला तर ठरणार नाही, हे त्यांना पटत नाही.

दोन्ही बाजूंची सरमिसळ वाटते तितकी नवी नाही. परिसर मोकळा करण्याची क्षमता गणिताने मोजण्याचा एक पहिला प्रयत्न हॅरल्ड लेव्हिसन यांच्याबरोबर खुद्द ॲलन स्टर्न यांनीच केला होता. त्या निबंधात दबदबा असलेले ग्रह आणि नसलेले ग्रह असे दोन गट होते, पण दोघांनाही ग्रह म्हटले होते. म्हणजे रेघ आहे, यावर एकमत. रेघेच्या अलीकडचेच ग्रह की दोन्हीकडचे, इथे फाटा फुटतो.

तिसरी वाट मोजमापाची आहे. ज्याँ-ल्यूक मार्गो यांनी २०१५ मध्ये केवळ तारा, पिंड आणि कक्षा यांच्या आकड्यांवरून परिसर मोकळा होईल की नाही हे ठरवणारी कसोटी दिली. २०२४ मध्ये त्यांनी ब्रेट ग्लॅडमन आणि टोनी यांग यांच्यासह ती आणखी सोपी केली. तारा, तपकिरी बटुतारा किंवा मृत ताऱ्याचा अवशेष यांच्याभोवती फिरणारा, १०²³ किलोग्रॅमपेक्षा जड आणि गुरूच्या तेरापटीपेक्षा हलका पिंड म्हणजे ग्रह. गोलपणाची अट यात नाही, कारण दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा आकार दिसतच नाही. बुध या मर्यादेच्या तिप्पट जड आहे, प्लूटो तिच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. हा प्रस्ताव त्या वर्षी केपटाउनच्या महासभेत मांडला गेला. २००६ च्या व्याख्येचा शब्दशः अर्थ फक्त सूर्यमालेपुरता लागतो आणि परग्रहांची नोंद आता सहा हजारांच्या पुढे गेली आहे. व्याख्येची ही उणीव दोन्ही बाजूंना मान्य आहे.

गोल म्हणजे किती गोल?

वर्गीकरण बाजूला ठेवले तरी बटुग्रह ठरवायला पिंड गोल आहे का हे पाहावे लागते. अडचण अशी की नेपच्यूनपलीकडचे बहुतेक पिंड मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. लख्ख पृष्ठभागाचा लहान पिंड आणि काळसर पृष्ठभागाचा मोठा पिंड सारखेच तेजस्वी असू शकतात. त्यामुळे केवळ तेजावरून आकार सांगणे धोक्याचे.

उत्तम उपाय म्हणजे पिधान: पिंड एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किती वेळ झाकला जातो ते मोजायचे. ६ नोव्हेंबर २०१० च्या रात्री एरिसने एक अंधुक तारा झाकला. चिलीतल्या एका वेधशाळेतून तारा अर्ध्या मिनिटाच्या आसपास नाहीसा झाला, तर उत्तरेकडच्या दुसऱ्या ठिकाणाहून मिनिटाहून अधिक. सावलीचा वेग माहीत असल्याने प्रत्येक वेळेवरून एरिसच्या चकतीवरची एकेक जीवा मिळाली आणि जीवांवरून वर्तुळ. व्यास निघाला सुमारे २,३२६ किलोमीटर. पुढे प्लूटोचा व्यास जवळून मोजला गेला, तो सुमारे २,३७७ किलोमीटर. प्लूटोला ग्रहपदावरून खाली आणण्यास कारणीभूत ठरलेला एरिस आकाराने प्लूटोहून किंचित लहानच निघाला. वस्तुमानाने मात्र तो सव्वापटीहून जड आहे.

गोलपणाची सीमारेषा कुठे, हा त्याहून अवघड भाग. शनीचा जेमतेम चारशे किलोमीटर व्यासाचा उपग्रह मिमास बऱ्यापैकी गोल आहे. त्यावरून बर्फाळ पिंडांना चारशे किलोमीटर पुरेसे असावेत, असे मानण्याची पद्धत पडली. पण शनीचाच जवळपास दीड हजार किलोमीटरचा आयापेटस आजच्या संथ परिवलनाला शोभेल त्यापेक्षा जास्त चपटा आहे. पूर्वीच्या वेगवान परिवलनाचा आकार त्याने तसाच गोठवून ठेवला आहे. म्हणजे ‘गोल दिसतो’ आणि ‘गुरुत्वाच्या समतोलात आहे’ या दोन गोष्टी एक नाहीत. काटेकोर पाहिले तर बुधही या समतोलात नेमका बसत नाही.

विल्यम ग्रंडी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला. नेपच्यूनपलीकडच्या २००७ यूके १२६ या पिंडाला उपग्रह असल्याने त्याचे वस्तुमान मोजता आले आणि घनता पाण्याच्या आसपास भरली. बर्फ आणि खडक यांच्या मिश्रणासाठी ही फार कमी आहे. म्हणजे आत पोकळ्या शिल्लक असणार. चारशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यातले बरेचसे पिंड कधी पुरते दाबलेच गेले नसावेत, असा त्यांचा तर्क आहे. तो बरोबर ठरला तर शंभरावर जाणारे अंदाज कोसळतात. या टप्प्यातल्या मोजक्याच पिंडांची घनता विश्वासाने माहीत आहे, म्हणून निर्णय अजून झालेला नाही.

जवळून पाहिलेली जगे

१९ जानेवारी २००६ रोजी न्यू होरायझन्स यान निघाले, तेव्हा प्लूटो अजून नववा ग्रह होता. यानात टॉमबॉ यांच्या अस्थींचा थोडासा अंश ठेवलेला होता. १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोपासून १२,५०० किलोमीटरवरून गेले. तिथे थंडगार, विवरांनी भरलेला निर्जीव गोळा दिसेल, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. दिसले ते वेगळेच. स्पुटनिक प्लॅनिशिया हे सुमारे हजार किलोमीटर रुंदीचे नायट्रोजन-बर्फाचे मैदान, त्यावर एकही स्पष्ट विवर नाही. म्हणजे हा पृष्ठभाग एक कोटी वर्षांपेक्षाही तरुण. उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या त्या थंडीतही हा बर्फ तळातून वर येतो, पसरतो, पुन्हा खाली जातो. त्यामुळे मैदानावर दहा ते चाळीस किलोमीटर रुंदीच्या बहुकोनी फरशा उमटल्या आहेत. भोवती पाण्याच्या बर्फाचे काही किलोमीटर उंच डोंगर, वर निळसर धुक्याचे थर.

या मैदानाखाली द्रव पाण्याचा महासागर आहे का, यावर मतभेद आहेत. मैदान शॅरनच्या बरोबर विरुद्ध बाजूला, विषुववृत्ताजवळ आहे. तिथे जास्तीचे वस्तुमान असेल तरच प्लूटो असा वळू शकतो आणि बर्फाखाली दाट पाणी वर उचलले गेले असल्यास हे जुळते, असे २०१६ मधल्या निबंधांचे म्हणणे. २०२४ मध्ये स्वित्झर्लंड आणि ॲरिझोनातल्या संशोधकांनी वेगळे उत्तर दिले: सुमारे सातशे किलोमीटरचा पिंड तिरकस आणि संथ वेगाने आदळला, त्याचा खडकाळ गाभा आतच रुतून राहिला आणि जास्तीचे वस्तुमान त्याचेच आहे, महासागराची गरज नाही. निर्णय करायला प्लूटोभोवती फिरणाऱ्या यानाकडून गुरुत्वाचा नकाशा हवा.

इतर पिंडांजवळ यान गेलेले नाही, तरी माहिती झपाट्याने वाढते आहे. जेम्स वेब दुर्बिणीने एरिस आणि माकेमाके यांच्यावरील मिथेनमधल्या जड हायड्रोजनचे प्रमाण मोजले. हे मिथेन धूमकेतूंमधल्या आदिम मिथेनसारखे नसून पिंडाच्या उबदार पोटात तयार झाले असावे, असा २०२४ मधला अर्थ आहे. सेडना, गोंगगोंग आणि क्वावार यांच्यावर त्याच दुर्बिणीला इथेन सापडला. त्या निबंधाच्या शीर्षकातच या तिघांना बटुग्रह म्हटले आहे. संघाच्या यादीची वाट कोणी पाहत नाही.

हौमिया चार तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरतो आणि त्यामुळे लांबट झाला आहे. २०१७ मध्ये युरोपातल्या वेधशाळांनी पिधानातून त्याचा आकार मोजला, तेव्हा त्याला कडे असल्याचे कळले; त्याच वेळी तो गुरुत्वाच्या समतोलात आहे का, याबद्दल शंकाही निघाली. म्हणजे खुद्द संघाच्या यादीतल्या पाचांपैकी एकाबद्दल ही शंका आहे. क्वावारचे कडे २०२३ मध्ये जाहीर झाले, ते तर असायलाच नको अशा ठिकाणी. पिंडापासून ठरावीक अंतराच्या आत, रोश मर्यादेच्या आत, कडे टिकते. बाहेर असले तर कणांनी एकत्र येऊन लहानसा चंद्र व्हायला हवा. क्वावारचे कडे या मर्यादेच्या दुपटीहून लांब आहे. अतिशीत कण आदळल्यावर चिकटण्याऐवजी उसळी घेत असावेत, हे एक स्पष्टीकरण; परिवलनाशी आणि चंद्राच्या फेऱ्यांशी जुळणारा ताल, हे दुसरे. दोन्हींवर काम चालू आहे.

सेडना आणि त्यापलीकडे

सेडना सूर्याच्या जवळात जवळ येतो तेव्हाही पृथ्वी-सूर्य अंतराच्या ७६ पट लांब असतो. एका फेरीला त्याला अकरा हजार वर्षांच्या आसपास लागतात. नेपच्यूनचा हात तिथवर पोहोचत नाही, मग त्याला अशा कक्षेत कोणी ढकलले? सूर्याच्या बालपणी जवळून गेलेला तारा, हे एक उत्तर. कॉन्स्टंटिन बाटिगिन आणि ब्राउन यांनी २०१६ मध्ये दुसरे मांडले: पृथ्वीच्या कैक पट जड असा, अजून न दिसलेला नववा ग्रह. सेडनासारख्या दूरच्या पिंडांच्या कक्षा एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात, हा त्यांचा मुख्य आधार.

विरोधी बाजूचे म्हणणे असे की दुर्बिणी आकाशाच्या सगळ्या भागांत सारख्या शोधत नाहीत; जिकडे पाहिले तिकडचेच पिंड सापडले. २०१७ आणि २०२१ मधल्या विश्लेषणांना निवडीचा हा परिणाम धरल्यावर झुकावाचा ठोस पुरावा दिसला नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेला २०१७ ओएफ २०१ हा सुमारे सातशे किलोमीटरचा, बटुग्रहाच्या उंबरठ्यावरचा पिंड या झुकावात बसत नाही. नवव्या ग्रहाचे समर्थक मात्र एका पिंडावरून गृहीतक सोडायला तयार नाहीत. मोजकेच नमुने हाती असताना दोन्ही निष्कर्ष काढता येतात, ही आजची स्थिती आहे. पिंडाची कक्षा लांबट असली की तो फेरीच्या फार थोड्या काळापुरताच आपल्या दुर्बिणींच्या आवाक्यात येतो. म्हणून एक सापडला तर त्याच्यासारखे अनेक दूरवर अदृश्य असणार, एवढे अनुमान दोघांनाही मान्य आहे.

आज काय शिल्लक आहे

हिशेब मांडला तर काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. प्लूटो एकटा नाही, तो मोठ्या समूहाचा भाग आहे. आठ ग्रह आणि बाकीचे पिंड यांच्यात गतीच्या दृष्टीने खरी दरी आहे. आणि बटुग्रह हे मेलेले बर्फाचे गोळे नाहीत. निदान प्लूटोवर आजही भूगर्भीय हालचाल चालू आहे. यातल्या कशावरही गंभीर मतभेद राहिलेला नाही.

उरलेल्या मुद्द्यांत सर्वांत वरचा आहे तो मोजमापाचा. चारशे ते हजार किलोमीटरच्या पिंडांची घनता कळल्याशिवाय बटुग्रहांची संख्या सांगता येणार नाही. इथे चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेवर सगळ्यांची भिस्त आहे. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्या या दुर्बिणीच्या पहिल्या प्रतिमा जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दहा वर्षे दक्षिणेचे आकाश ती पुन्हा पुन्हा टिपणार आहे. नेपच्यूनपलीकडचे आज काही हजार पिंड माहीत आहेत, ते कैक पटींनी वाढतील. एकाच पद्धतीने, सारख्या काटेकोरपणे शोध झाल्यामुळे नवव्या ग्रहाच्या वादातला निवडीचा आक्षेपही तपासता येईल. ताऱ्यांची स्थाने अचूक देणाऱ्या गाया यानाच्या यादीमुळे पिधानांचे भाकीत आधीच सोपे झाले आहे. हौशी निरीक्षकही अशा मोहिमांत भाग घेतात आणि त्यांच्या नोंदी शोधनिबंधांत वापरल्या जातात.

यानांच्या बाबतीत चित्र तितके आशादायक नाही. प्लूटोभोवती फिरणाऱ्या पर्सेफनी या यानाची संकल्पना नासासाठी अभ्यासली गेली, पण अमेरिकेच्या २०२२ च्या दशवार्षिक आराखड्यात मोठ्या मोहिमांत पहिला मान युरेनसला मिळाला. प्लूटोच्या पोटातल्या महासागराचे उत्तर त्यामुळे लवकर येणार नाही. सेडना २०७६ च्या सुमारास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल. त्याला गाठायचे तर प्रवासालाच दोनेक दशके लागतात. म्हणून त्या मोहिमेचा विचार आताच सुरू व्हायला हवा, असे अभ्यासक सांगतात.

राहिला वर्गीकरणाचा प्रश्न. तो दोन शास्त्रशाखांच्या गरजांमधला फरक आहे आणि नव्या निरीक्षणाने सुटणारा नाही. ग्रहांच्या भूविज्ञानाच्या निबंधांत टायटनला किंवा प्लूटोला ग्रह म्हटले जाते आणि कक्षांच्या निबंधांत म्हटले जात नाही; काम दोन्हीकडे अडलेले नाही. मात्र एक काम निव्वळ संघाच्या हातातले आहे. २००८ मध्ये हौमिया आणि माकेमाके यांना जागा दिल्यापासून बटुग्रहांच्या यादीत एकही नाव वाढलेले नाही. त्या दोघांचा निर्णयही मोजलेल्या आकारावरून झाला नव्हता. नावे देण्याच्या सोयीसाठी ठरवलेल्या तेजस्वितेच्या मर्यादेवरून तो झाला होता. क्वावार, गोंगगोंग, सेडना, ओर्कस यांच्याविषयी तेव्हापेक्षा आज कितीतरी अधिक माहिती आहे. कोणता पुरावा दिला की पिंड यादीत जाईल आणि हौमियाबद्दलची शंका खरी ठरली तर काय करायचे, याची रीत ठरवावी लागेल. संघाची पुढची महासभा २०२७ मध्ये रोमला भरते आहे आणि तोवर रुबिन वेधशाळेच्या नोंदींचा ओघ सुरू झालेला असेल.